वहीतली रिकामी ओळ

मुलांनो, सहलीला जायचे म्हणजे पिशव्या भरायच्या आणि निघायचे, असे तुम्हांला वाटते ना? मलाही तसेच वाटत असे. पण या वर्षी सहलीची नुसती आखणी करतानाच मला एक गोष्ट कळली. तीच आज तुम्हांला सांगतो.

आम्ही कामठीला राहतो. दिवाळीच्या सुट्टीत नवेगावबांधला जायचे, असे घरात ठरले. हे ठिकाण गोंदिया जिल्ह्यात आहे. डोंगरांच्या मधोमध सुमारे ११ चौरस किलोमीटरचा तलाव आणि भोवती दाट जंगल. १९७५ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला.

हा तलाव निसर्गाने दिलेला नाही बरं का! अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला. तलावाभोवतीच्या सात टेकड्यांना लोक 'सात बहिणी' म्हणतात. बांध घालताना या बहिणींनी कोलू पाटलांना मदत केली, अशी लोककथा आहे.

एका रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही सतरंजीवर बसलो. थोरल्या मुलीने वही उघडली. प्रत्येकाचे नाव एकेका ओळीवर लिहिले आणि ज्याची त्याची इच्छा विचारली. धाकट्याला वाघ पाहायचा होता. थोरलीला पक्षी पाहायचे होते, कारण हिवाळ्यात येथे दूरदूरचे पाणपक्षी येतात. मारुती चितमपल्ली हे वन अधिकारी म्हणून नवेगावबांधला होते. त्यांनी तेथील पक्ष्यांविषयी लिहिले आहे, हे मी तिला सांगितले होते. माझ्या पत्नीला नावेत बसायचे होते. मला मनोऱ्यावर चढून जंगल पाहायचे होते.

मग खर्चाचा हिशेब झाला. कामठीहून नागपूर, तेथून भंडाऱ्यावरून साकोली आणि पुढे नवेगावबांध, असा एस.टी.चा प्रवास. २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे भाडे आहे. धाकट्याचेही अर्धेच तिकीट. हिशेब करता करता तो एकदम ओरडला, "अब्बू, पूर्ण भाडे फक्त तुमचेच!" सगळे हसले.

हसताना माझे लक्ष वहीकडे गेले. शेवटच्या ओळीवर 'दादी' असे लिहिले होते. पुढे जागा रिकामी होती.

"दादीला विचारले नाहीस का?" मी म्हणालो.

"विचारले ना! दादी म्हणते, तुम्ही जा, मी घर सांभाळते."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आम्ही भावंडे कोठेही निघालो, की अम्मी पहाटे उठून पुऱ्या तळायच्या, डबे बांधून द्यायच्या आणि दारात उभ्या राहून हात हलवायच्या. अम्मींना प्रवास आवडत नाही, असे मी धरूनच चाललो होतो. इतक्या वर्षांत त्यांना नीट विचारले मात्र कधीच नव्हते. शाळेत मी रोज मुलांना सांगतो, "प्रश्न विचारा." स्वतःच्या घरातला साधा प्रश्न मात्र मी विचारला नव्हता. मला मनातून लाज वाटली.

मी अम्मींजवळ जाऊन बसलो. "अम्मी, खरे सांगा. तुम्हांला यावेसे वाटत नाही का?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "वाटते रे. पण माझे गुडघे दुखतात. माझ्यासाठी तुम्ही सगळे थांबणार. मुलांची मजा जाईल."

"आणि आलात तर काय करायला आवडेल?"

"काही नाही. पाण्याकाठी बसायचे. एक सकाळ अशी हवी, की चुलीची आठवण नको. चहासुद्धा कोणीतरी हातात आणून द्यावा."

घर शांत झाले. धाकटा उठला आणि म्हणाला, "दादी, चहा मी आणीन!"

त्या रात्री आम्ही सारी आखणी पुन्हा केली. एका दिवसाऐवजी दोन दिवस ठेवले. साकोलीला थांबून विश्रांती घ्यायची. खोली तळमजल्यावरची मागायची. जंगलात एकदाच फेरी मारायची आणि एक सकाळ नुसते तलावाकाठी बसायचे. मनोऱ्यावर चढायचा माझा बेत मी स्वतःच खोडला. खर्च थोडा वाढला, पण कोणी तक्रार केली नाही.

थोरलीने रिकाम्या ओळीवर लिहिले, "दादी : पाणी, सकाळ आणि चहा."

मुलांनो, आमची सहल अजून व्हायची आहे. वाघ दिसेल की नाही, कोणास ठाऊक! तुमच्याही घरी सुट्टीचे बेत होत असतील. तेव्हा "तुम्ही जा, मी घर सांभाळते" असे कोण म्हणते, तिकडे लक्ष द्या. त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि पुन्हा एकदा विचारा.