पानं खाल्ली जाणारी वेल

कुंपण झाकायला काय लावावं असं विचारलं, की पुण्यात बरेच जण आइसक्रीम वेलीचं नाव घेतात. गुलाबी झुपके, पाण्याची कटकट नाही, किडीचा त्रास नाही. मूळची मेक्सिकोची ही वेल आमच्या आवारात कित्येक वर्षं होती. फुलांवर मधमाश्या यायच्या, पण पानाला साधं भोकही दिसायचं नाही. परक्या वेली फोफावण्यामागचं हे एक मोठं कारण मानलं जातं: मायदेशात त्यांना खाणारे कीटक सोबत येत नाहीत.

ही वेल वरून छाटून जात नाही. जमिनीत तिचे गड्डे असतात आणि पाऊस पडला की त्यांतून पुन्हा कोंब येतात. आम्ही कुदळीनं खणून गड्डे काढले, माती चाळली. तिच्या बिया पाण्यावर तरंगत दूर जातात, म्हणून बी धरलेल्या फांद्या ओढ्याकडे न टाकता पोत्यात भरल्या.

त्या जागी ईश्वरी ही देशी वेल लावली. कुणी तिला सापसंदही म्हणतं. तिचं फूल फिकट हिरवं, नळीसारखं, तोंडाशी जांभळट. लांबून दिसतसुद्धा नाही. पण वेल अंगाला लागल्यावर कॉमन रोझ फुलपाखराची मादी आली. पायांनी पान चाचपून तिनं तांबूस अंडी चिकटवली. त्यांतून निघालेल्या अळ्या काळपट तपकिरी, अंगावर लालसर मऊ काटे आणि मधोमध पांढरा पट्टा. बघता बघता त्यांनी पानं फस्त केली. पानांतली विषारी द्रव्यं अळी अंगात साठवते, त्यामुळे पुढे फुलपाखरालाही पक्षी टाळतात.

याचा फायदा कढीपत्त्यावर वाढणाऱ्या कॉमन मॉर्मन फुलपाखरालाही होतो. त्याच्या काही माद्यांचे पंख हुबेहूब कॉमन रोझसारखे असतात. अंगात विष नसूनही पक्षी फसतात. ओळखायची खूण धडावर आहे: कॉमन रोझचं लाल, मॉर्मनचं काळं. खऱ्या विषारी फुलपाखराची वेलच परिसरातून गेली, तर ही नक्कल कुणाला घाबरवणार?

देशी-परकी हे मात्र ठिकाणावर ठरतं. आपली माधवीलता इथल्या जंगलात शोभते. मॉरिशसमध्ये आणि शेजारच्या रियुनियन बेटावर तीच झाडांवर चढून जंगल गुदमरवते. जगातल्या १०० घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे.

ईश्वरी लावणाऱ्यांनी एक सांभाळावं. तिच्यातलं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडं निकामी करतं, कर्करोगालाही कारण ठरतं. घरगुती औषध म्हणून तिचा काढा अजिबात घेऊ नये, आणि लहान मुलांच्या हाताशी ती नसावी. घरात लहान मुलं असतील तर हरणदोडीची वेल लावावी. ब्लू टायगर फुलपाखराच्या अळ्या तिच्या पानांवर वाढतात. कुठलीही लावली तरी अळ्या दिसल्यावर औषध फवारायचं नाही. पानं पुन्हा फुटतात.