नातवंडांची झोप, आपली पहाट

उतारवयात आपल्याला पहाटेच जाग येते आणि मग निजलेली नातवंडे आळशी वाटू लागतात. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा प्रश्न मांडला. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असे ठरले. स्वागतार्हच, पण चिमुकली तशीही संध्याकाळीच पेंगू लागतात. खरी ओढाताण नववी-दहावीतल्यांची. किशोरवयात झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवते, गरज मात्र ८ ते १० तासांची असते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये याच वयासाठी साडेआठपूर्वी शाळा नको, असे सुचवले.

आमच्या वाशीमच्या उन्हाळ्यात हे कसे जमावे? दुपारच्या उन्हात लेकरे घरी परतू नयेत म्हणून सकाळी ७ ची शाळा लागतेच. तेव्हा झोप रात्रीच राखायची. आमच्याकडे नऊनंतर दूरचित्रवाणी बंद असते (मालिका सुटल्या, त्याची हळहळ माझीच अधिक). पहाटेची पूजा मी घंटा न वाजवता करतो. दहावीतली नात सहापर्यंत निजून राहते.