आधी रात्र, मग खत

माघातल्या रविवारी खेटे घालणारी माणसं कुशिरे, गायमुख करत जोतिबाचा डोंगर चढून येतात. दर्शन झालं की वाडी रत्नागिरीच्या बोळातून परतताना काही बायका आमच्या कट्ट्यापाशी थांबतात. कट्ट्यावर तेव्हा कलांचो फुललेली असतात. लाल, केशरी, पिवळी. एकेका दांड्यावर चार पाकळ्यांच्या बारक्या फुलांचा गच्च झुपका. प्रश्न ठरलेला असतो, ‘काकी, खत कंचं घालतासा?’

खताचं नाव मी लगेच सांगत नाही. उलट विचारते, ‘कुंडी ठेवलीय कुठं? तिथं रात्री लाईट असतोय काय?’

कलांचो मूळची मादागास्करची. १९३०च्या दशकात जर्मनीतल्या पोट्सडाम गावच्या रॉबर्ट ब्लॉसफेल्ड या बियाणेवाल्यानं ती युरोपच्या बाजारात आणली आणि तिथून ती जगभरच्या नर्सरीत गेली. आपण ती विकत घेतो तेव्हा ती फुललेलीच असते. दोन महिने घर उजळतं, फुलं वाळतात, आणि पुढच्या वर्षी नुसती पानं. मग माणूस खताकडे वळतो. झाड उपाशी आहे म्हणून फुलत नाही, असं आपल्याला मनापासून वाटतं, कारण आपल्या भागात शेतीचा सगळा हिशेब खताच्या पोत्यानंच सुरू होतो.

या झाडाचं फुलणं रात्रीवर चालतं. त्याचं पान अंधाराची लांबी मोजतं. सलग चौदा तासांच्या आसपास काळोख, तोही साधारण सहा आठवडे रोज मिळाला, की शेंड्यात कळीची तयारी सुरू होते. जोतिबावर डिसेंबरअखेरची सगळ्यात मोठी रात्रसुद्धा तेरा तासांच्या आतबाहेर. म्हणजे आपल्याकडच्या रात्री त्याला जेमतेम पुरणाऱ्या. त्यातही मध्येच दिवा लागला तर मोजणी मोडते. डोंगरावर दुकानांचे बल्ब आहेत, रस्त्याचे दिवे आहेत, नवरात्रात देवळाभोवती रोषणाई असते, आणि दिवाळीत आकाशकंदील नेमका कुंड्यांच्या डोक्यावर टांगलेला असतो. पहाटेपर्यंत तो जळतो. झाडाच्या लेखी तो उन्हाळाच.

म्हणून घटस्थापना ते त्रिपुरी पौर्णिमा हा माझ्या कामाचा खरा हंगाम. हे अंतर सहा आठवड्यांहून थोडं जास्त भरतं, अगदी हवं तेवढं. संध्याकाळी सहाला कुंड्या मागच्या अंधाऱ्या खोलीत जातात, सकाळी आठला उन्हात येतात. दिवसा मात्र ऊन हवंच, अंधाराइतकंच हवं. हे रोजचं उचलणं-ठेवणं कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही. कुंड्या जास्त असतील तर काळं जाड कापड अंगावर टाकावं. थंड देशांतल्या हरितगृहांत हेच करतात.

आता खताचं. एक हिशेब मी येणाऱ्याजाणाऱ्यांना आवर्जून सांगते, कारण खाली पंचगंगेच्या काठची माणसं उसाची आहेत आणि त्यांना तो लगेच पटतो. आडसाली उसाला राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची. सहा इंची कुंडीच्या तोंडाएवढ्या जागेला त्या मापानं नत्र येतं पाऊण ग्रॅमहून थोडं कमी, तेही हप्त्याहप्त्यानं. आणि आपण कुंडीत काय टाकतो? चहाचा एक चमचा युरिया. तो झाला चारेक ग्रॅम, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे पावणेदोन ग्रॅमच्या वर. महिनोन्‌महिने रानात उभा राहणारा ऊस जेवढं घेतो त्याच्या दुपटीहून जास्त, एका दिवसात, वीतभर झाडाला! पानं आधी काळीभोर हिरवी आणि पचपचीत होतात, दांडे लांब वाढून लोळतात, मग कडा करपतात. मुळं जळलेली असतात, आणि ते वरून उशिरा कळतं.

मी कुंडी भरते ती अर्धा भाग बारीक चाळलेला मुरूम, बाकीच्या अर्ध्यात माती आणि पुरतं कुजलेलं शेणखत किंवा निर्माल्याचं खत. निर्माल्य इथं भरपूर. झेंडू, पानं, आणि चैत्रात दवणा. दोरे काढून, शेण कालवून ते कुजवलं, की पावसाळ्यानंतर भुसभुशीत काळं खत मिळतं. एवढ्यावर झाड पुष्कळ दिवस काढतं. वरचं खत पाऊस उघडल्यावर, भाद्रपदात: १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम. शेतात फवारणीला लोक याच्या पाचपट घेतात, ते प्रमाण इथं आणायचं नाही. माती आधी साध्या पाण्यानं ओली करायची, मग हे पाणी, महिन्यातून एकदा. अंधाराचे आठवडे सुरू झाले की तेही बंद. तेव्हा नत्र मिळालं तर झाड पानांकडे वळतं. कळ्या डोळ्याला दिसू लागल्यावर १३:०:४५ लिटरला अर्धा ग्रॅम, एकदा, फार तर दोनदा, पालाशासाठी. फुलांसाठी स्फुरद ओतण्याची जी पद्धत पडली आहे ती मला पटत नाही. शेणखतात या झाडापुरतं स्फुरद असतं.

इतक्या थोडक्यात हे झाड भागवतं यामागे त्याचा स्वभाव आहे. दिवसा ते पानांची छिद्रं मिटून घेतं आणि रात्री उघडून हवा आत घेतं, आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं. पाणी वाचतं, वाढ मात्र धीमी होते. या गुपिताची एक जुनी खूण मिळाली ती हिंदुस्थानातच, आणि तीही याच कुळातल्या आपल्या पानफुटीवर. बेंजामिन हाइने या वनस्पतितज्ज्ञाला तिची पानं सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागली. त्याचं टिपण लंडनच्या लिनियन सोसायटीनं १८१५ मध्ये छापलं. कलांचोचं पान मात्र कुणी चावून पाहू नये, आणि शेळ्यांच्या, गाईच्या तोंडी तर अजिबात लागू देऊ नये. त्यांच्या हृदयाला ते घातक आहे.

आषाढ-श्रावणात डोंगर दिवसचे दिवस ढगात असतो. ऊन नाही, कुंडी सुकत नाही. तेव्हा खत म्हणजे खतासोबतचं पाणीही, आणि त्या पाण्यानंच बुडखा कुजतो. कुंड्या पाख्याखाली घ्यायच्या आणि हात आवरायचा. त्याआधी मृगाच्या चांगल्या सरीत अर्धा दिवस त्या उघड्यावर ठेवते. वर्षभराच्या खताचे क्षार पांढरी पापडी होऊन काठाला धरतात, ते वाहून जातात.

चैत्राची यात्रा झाली की सगळा डोंगर गुलाबी होतो, तशी माझी झाडंही. ओल्या फडक्यानं एकेका पानावरचा गुलाल पुसते, वाळलेले तुरे बुडापासून कापते, लांबलेले शेंडे छाटते. खेट्यांना आलेल्या कुणी रोप मागून ठेवलेलं असतं, त्यांना हे शेंडे जातात. चार बोटांचा तुकडा, खालची दोन पानं काढलेली, दोन दिवस सावलीत सुकवून कापाची जागा बंद झालेली. तो नुसत्या मुरुमात खोचायचा. शेणखत नको, विरघळणारं खत तर नकोच, कारण खायला अजून मुळंच नाहीत. तीनेक आठवड्यांनी हलकेच ओढून पाहायचं. तुकडा हाताला धरून राहिला आणि शेंड्यातून नवी पानांची जोडी डोकावली, की मग चाळलेल्या शेणखताची पहिली चिमूट.