६४व्या मिनिटाबद्दल

कोल्हापूर
२ जानेवारी २०२३

प्रिय दोस्ता,

अर्जेंटिना-फ्रान्स विश्वचषक फायनलच्या रात्री तुझा निरोप आला, ‘टायब्रेकरवर जिंकलात, लॉटरी लागली तुमची.’ मी तेव्हा काहीच कळवलं नाही. पेठेत फटाक्यांपुढं कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं, आणि दोन ओळींत उरकावं असं ते प्रकरणही नव्हतं. आता सगळा सामना पुन्हा पाहिलाय, थांबवून थांबवून पाहिलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट. २९ डिसेंबरला पेले गेले. तुझ्या ब्राझीलवाल्या घरी काय वाटलं असेल याची कल्पना आहे. तुझ्या वडिलांच्या खोलीतला तो पिवळ्या जर्सीतला फोटो मला आठवतो. आमच्या मंडळाच्या पोरांनी फलक लावला, आणि त्याला पहिला हार घातला तो अर्जेंटिनावाल्यांनी. हे तुला कळावं असं वाटलं.

आता मूळ मुद्दा. फायनलच्या आधीच्या आठवड्यात इथं चौकात एकच विषय होता, मेस्सी की एम्बापे. दोघांचे डिजिटल फलक समोरासमोर लागलेले. ९ डिसेंबरला क्रोएशियानं तुम्हाला घालवल्यावर ब्राझीलवाले बहुतेक सगळे फ्रान्सच्या बाजूला गेले होते, त्यामुळं चौकाचे दोन तट पुन्हा तसेच उभे राहिले. तुमच्याकडचे सांगायचे २०१८ सालचा फ्रान्सचा आमच्यावरचा ४-३ विजय, एम्बापेचे ते दोन गोल. आमच्यातले घाबरलेले म्हणायचे, प्रशिक्षक स्कालोनीनं नेदरलँड्सविरुद्ध लावले तसे मागं पाच जण लावावेत, एम्बापेला धावायला जागाच देऊ नये. दोन्हीकडं बोलणं फक्त या दोन नावांभोवती फिरत होतं. बाकीचे वीस जण जणू चेंडू आणून द्यायलाच उतरणार होते.

एकच माणूस वेगळं बोलत होता. आपल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा जुना राइट बॅक, गुडघ्यानं खेळ सोडलेला, तुला आठवत असेल. तो म्हणाला, ‘डी मारिया तंदुरुस्त असेल तर त्याला खेळवा, आणि डावीकडनं खेळवा.’ लोक म्हणाले, तो तर उजवीकडचा, आणि उपांत्य सामन्यात मैदानातही उतरला नाही. त्यावर त्यानं टपरीच्या फळीवर दोन काडेपेट्या ठेवल्या. मागची काडेपेटी कुंदे, पुढची डेम्बेले. म्हणाला, ‘हा कुंदे मुळात मधला बॅक, त्याला कडेला उभा केलाय. पुढचा डेम्बेले मागं मदतीला येत नाही. अशा बॅकच्या अंगावर चांगला विंगर सोडला की तो एकटा पडतो. मी पडलोय.’ आख्ख्या आठवड्यात फायनलबद्दल ऐकलेलं हे सर्वांत शहाणं बोलणं होतं. मेस्सीचं नाव त्यात नव्हतं, एम्बापेचंही नव्हतं.

१८ तारखेला, रविवारी रात्री साडेआठला काय झालं ते तू पाहिलंस. डी मारिया डावीकडं उभा. २१व्या मिनिटाला त्यानं डेम्बेलेला चकवलं, मागनं धक्का लागला, पेनल्टी. ती पेनल्टी हलकी होती असं तुझं म्हणणं आहे. असेल. पण डेम्बेले तिथं स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात मागनं धावत येतोय, ही अवस्थाच सगळं सांगते. मग ३६व्या मिनिटाचा गोल. मेस्सीचा एका स्पर्शातला पास, अल्वारेझ, मॅक अ‍ॅलिस्टर, आणि पलीकडं मोकळा धावणारा डी मारिया. मेस्सीनं ज्या स्पर्शानं ही चाल सोडवली तो मी कितीदा पाहिला सांगता येणार नाही. चेंडू त्याच्या बुटाजवळ थांबतच नाही. गोल झाल्यावर डी मारिया मैदानातच रडत होता. २०१४ची फायनल दुखापतीमुळं बाहेर बसून पाहिलेला हा माणूस. २००८च्या ऑलिंपिक फायनलमध्ये गोल त्याचा, २०२१च्या कोपा अमेरिकाच्या फायनलमध्ये तुमच्याच विरुद्ध, तुमच्याच माराकानावर गोल त्याचा, गेल्या जूनमध्ये वेम्बलीवर इटलीविरुद्ध त्याचा, आणि आता हा. इतक्या फायनलींत गोल करणाऱ्याचा फलक आपल्या चौकात एकही नव्हता, याचं मला वाईट वाटतं.

पहिल्या हाफमध्ये फ्रान्सला गोलकडं एकही फटका मारता आला नाही. आणि ४१व्या मिनिटाला त्यांचा प्रशिक्षक देशाँनं जिरू आणि डेम्बेले दोघांना बाहेर काढलं. हाफ टाइमला चारच मिनिटं बाकी असताना! कोलो मुआनी आणि थुराम आत. आमच्याकडं जल्लोष झाला, फ्रान्स घाबरला म्हणून. तुझ्या निरोपात तू देशाँला शिव्या घातल्यास, त्याचा संघच चुकला, त्यानंच घालवलं, म्हणून. मला तसं वाटत नाही. सुरुवातीचा संघ चुकला हे खरं. पण चूक कळल्यावर ती हाफ टाइमपर्यंतही झाकून न ठेवणं, जगज्जेत्या संघातल्या मोठ्या नावांना जगासमोर बाहेर बसवणं, याला छाती लागते. पुढं ७१व्या मिनिटाला त्यानं ग्रिझमनही काढला, थिओ हर्नांडेझही काढला; कोमान आला, कामाविंगा लेफ्ट बॅकला आला. त्या रात्री सर्वांत चांगले बदल हरलेल्या प्रशिक्षकानं केले, हे माझं मत आहे आणि ते अर्जेंटिनावाल्याचं मत आहे.

आता ६४वं मिनिट. स्कालोनीनं डी मारियाला काढलं आणि अकुन्याला आणलं. विंगर गेला, बॅक आला. ३४ वर्षांचा माणूस, बाद फेरीच्या आधीच्या सामन्यांत जेमतेम काही मिनिटं खेळलेला, दमला असणार; शिवाय २-० पुढं असताना भिंत बांधावी असं कुणालाही वाटेल. कारण समजतं. तरी तो बदल मला चुकीचा वाटतो. तोवर फ्रान्सची उजवी बाजू डी मारियाच्या भीतीनं जागेवर खिळलेली होती. तो बाहेर गेला आणि ती बाजू सुटली. ८०व्या मिनिटाची पेनल्टी कशी मिळाली ते पुन्हा बघ. कोलो मुआनी त्याच बाजूनं सुटला आणि ओटामेंडीला त्याला पाडावं लागलं. त्यानंतर दीड मिनिटात कोमाननं मेस्सीच्या पायातला चेंडू काढला, राबियोनं पुढं टाकला, एम्बापे, थुराम, पुन्हा एम्बापे, आणि तो अधांतरी मारलेला फटका. २-२. त्या गोलला मी आपला-परका म्हणणार नाही. असा फटका दहा वर्षांत एकदा दिसतो.

मी हे मुद्दाम लिहितोय, कारण इथं आता स्कालोनीबद्दल ब्र काढायची सोय उरलेली नाही. जिंकला ना, मग सगळं बरोबर. हीच माणसं २२ नोव्हेंबरला, सौदी अरेबियानं २-१ हरवल्यावर, त्याला हाकलून द्या म्हणत होती. छत्तीस सामने न हरलेला संघ एका दुपारी त्यांना टाकाऊ वाटला. पुढं त्याच माणसानं लाउतारोला बाहेर बसवून अल्वारेझला घेतलं, एन्झो फर्नांडेझवर विश्वास टाकला, आणि स्पर्धा फिरवली. ते निर्णय चांगले होते आणि फायनल हरला असता तरीही चांगलेच राहिले असते. ६४व्या मिनिटाचा निर्णय चुकला होता आणि कप हातात आला तरी तो चुकलेलाच आहे. निकाल पाहून मागचं सगळं रंगवायचं ही आपली जुनी खोड आहे, आणि तिच्यामुळं खेळाबद्दल बोलताच येत नाही.

आपल्या चौकातला शेवट सांगतो, म्हणजे तुला पटेल की सगळं किती थोडक्यावर होतं. पडद्यावर चित्र मोबाइलवरून लावलं होतं, म्हणून ते काही सेकंद मागं होतं. वरच्या मजल्यावर टीव्ही. प्रत्येक गोल आम्हाला आधी वरून ऐकू यायचा, मग दिसायचा. १०८व्या मिनिटाला मेस्सीचा गोल वरून आला तेव्हा आम्ही पाहण्याआधीच नाचलो. ११८व्याला वरून नुसता उसासा आला. मोंटिएलच्या हाताला चेंडू लागला, एम्बापेचा तिसरा, ३-३. आणि जादा वेळेच्याही शेवटी, संपायला काही क्षण असताना, वरून कुणीतरी किंचाळलं. कशासाठी ते कळेना. चौकातला एक माणूस हलला नाही. मग पडद्यावर लांब चेंडू आला, कोलो मुआनी एकटा, समोर फक्त एमिलियानो मार्टिनेझ. त्यानं डावा पाय पसरला आणि चेंडू त्या पायाला लागून गेला. लगेच दुसऱ्या टोकाला लाउतारोला मोकळं हेडर मिळालं, ते त्यानं बाहेर घातलं. मार्टिनेझचा पाय सगळे सांगतात, हे हेडर कुणीच सांगत नाही. ते आत गेलं असतं तर टायब्रेकर झालाच नसता आणि तुझी ‘लॉटरी’ही नसती.

टायब्रेकरला लॉटरी म्हणू नकोस. निदान तू तरी. क्रोएशियाविरुद्ध तुमचा प्रशिक्षक टिटेनं नेमारला पाचव्या क्रमांकावर ठेवलं. पहिला गेला रॉड्रिगो, त्याचा अडला. मार्किन्होसचा खांबाला लागला. आणि नेमारवर पाळीच आली नाही. तो मध्यवर्तुळात उभा राहून हरला. फायनलला लुसैलमध्ये एम्बापे पहिला आला, मेस्सीही पहिला आला. कोमानचा फटका मार्टिनेझनं थोपवला, चुआमेनीनं बाहेर मारला, आणि चौथी पेनल्टी घालून सामना संपवणारा मोंटिएल, ज्याच्या हाताला तो चेंडू लागला होता. नशीब त्यात होतंच, पण कोण कधी जाणार हे माणसानं ठरवलेलं असतं. मार्टिनेझनं कोपाच्या उपांत्य सामन्यात कोलंबियाचे तीन फटके अडवले होते, नेदरलँड्सचे पहिले दोन अडवले. हे दर वेळी नशिबानं होत नाही. मात्र चुआमेनी फटका मारायला येत असताना त्यानं चेंडू लांब फेकला, आणि बक्षीस घेताना जे हावभाव केले, ते मला आवडले नाहीत. आमचा गोलकीपर म्हणून मी त्याची बाजू घेणार नाही.

अर्जेंटिनाच्या तिसऱ्या गोलच्या वेळी बदली खेळाडू रेषेच्या आत आले होते, म्हणून गोल बाद, हा तुझा दुसरा मुद्दा. ‘लेकिप’ या फ्रेंच दैनिकानं तो काढला आणि नियमाचं पुस्तक उघडलं तर त्यांच्या हाती काहीतरी लागतं. पण पंच मार्चिनियाकनं पत्रकारांना मोबाइलवर फोटो दाखवला, एम्बापेच्या गोलच्या वेळी फ्रान्सचे सात जण आत होते. एकाही खेळाडूच्या धावण्यावर ज्याचा परिणाम झाला नाही त्यावर विश्वचषक परत मागू नये. मेस्सी पेलेपेक्षा मोठा का, यावर मला सध्या बोलायचं नाही. हे दिवस त्यासाठी नाहीत.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. फायनलनंतर कोमान आणि चुआमेनीला लोकांनी वर्णावरून घाणेरड्या शिव्या घातल्या; कोमानसाठी त्याच्या बायर्न क्लबला जाहीर निषेध करावा लागला. ज्या कोमाननं मेस्सीच्या पायातला चेंडू काढून फ्रान्सला सामन्यात आणलं, तोच कोमान. त्याआधीचं त्याचं काम एका फटक्यानं पुसलं गेलं. आणि आपण तरी वेगळे काय आहोत? शाहू स्टेडियमवर टायब्रेकर चुकवलेला वीस वर्षांचा पोरगा नंतर पेठेतनं मान वर करून जाऊ शकत नाही, हे तू माझ्याइतकंच पाहिलंयस. सबंध सामना तो कसा धावला हे कुणी विचारत नाही. गेल्या हंगामात एका पोराच्या घरावरनं जाताना लोक मुद्दाम ओरडायचे. त्याची आई खिडकी लावून घ्यायची.

हंगामात पाटाकडील-दिलबहार तालमींचा सामना लागला की ये. पुण्याहून सकाळची गाडी पकडलीस की पोहोचशील, तिकिटाचं मी बघतो. तुझं म्हणणं सामना चालू असताना मांड, कोणाला काढायचं, कोणाला ठेवायचं, निकाल लागायच्या आत. मीही मांडीन, आणि त्यावर रात्रभर भांडू. पण एखाद्या पोराचा फटका बाहेर गेला तर गॅलरीत त्याला शिव्या देणाऱ्यांना तू आणि मी दोघांनी मिळून गप्प करायचं. माझ्या एकट्याचं ते ऐकत नाहीत.

आईंना नमस्कार सांग.

तुझाच