गाळ्याच्या दारात

पूर्वी आमच्या सातिवलीकडे भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल टाकायचा, गवत कापून विकायचं, आणि पुढचा पाऊस येईपर्यंत माणूस मोकळा. नोकरी हा शब्द रेल्वेत नाहीतर बीएसटीत चिकटलेल्यांसाठी होता. आता गोखिवरे, वालीव, सातिवली या सगळ्या पट्ट्यात बांधाला गाळ्याची भिंत टेकली आहे. शहरातल्या वाचकाला गाळा म्हणजे दुकान वाटेल. आमच्याकडे गाळा म्हणजे कारखाना. वर पत्रा, आत मशिनी, दारात ठेकेदाराचा माणूस.

मी दहावी शिकलेला शेतकरी. कारखान्यात एक दिवस काम केलेलं नाही. पण पंचवीस वर्षं गाळ्यांच्या वाटेवर भाजी विकतोय, त्यामुळे कोण दारात उभा राहतो आणि कोणाला आत घेतात ते रोज बघायला मिळतं. पोरं विचारतात, काका, कुठं जागा आहे? मी म्हणतो, जागा आहे, पण काय येतं ते आधी सांग. "काहीही करीन" म्हणणाऱ्याला हेल्पर करतात आणि हेल्परच ठेवतात. "लेथ चालवतो" म्हणणाऱ्याला ट्रायल देतात. ट्रायलच्या वेळी हातात व्हर्निअर दिला आणि माप वाचता आलं नाही, तर सर्टिफिकेट कितीही छान असो, उपयोग नाही.

माझ्या पुतण्याचं सांगतो. बारावी झाल्यावर तो ठेकेदारामार्फत एका गाळ्यात पॉवर प्रेसवर लागला. गाळ्याचं नाव घेत नाही. दोन वर्षं पगारातून पीएफ कापला जात होता. एका रात्रपाळीत उजव्या हाताच्या बोटाचं पेर गेलं. तेव्हा कळलं, ईएसआयसीचं कार्डच काढलेलं नाही, आणि पीएफ कापला तो भरलेलाच नाही. वहिनीने दवाखान्याचं बिल बांगड्या गहाण ठेवून भागवलं.

म्हणून आता कोणी कामाला लागला की पहिला पगार झाल्यावर मी भाजी तोलता तोलता विचारतो, पगाराची स्लिप मिळाली का? यूएएन नंबर दिला का? हा नंबर माणसाचा असतो, कंपनीचा नाही; नोकरी बदलली तरी तोच चालतो. मोबाईलवर उमंग ॲपमध्ये पासबुक उघडून बघायचं. कापलेले बारा टक्के आणि मालकाचा वाटा जमा दिसतोय का, हे दर महिन्याला बघावं. पगार एकवीस हजारांपर्यंत असेल आणि कारखान्यात दहा माणसं असतील तर ईएसआयसी लागते. पगारातून पाऊण टक्का जातो, पण कामावर लागलं तर उपचार आणि घरी बसल्या दिवसांचे पैसे मिळतात. पाऊण टक्का वाचला म्हणून आनंद मानणारी पोरंही मी बघितली आहेत, त्यांना काय म्हणावं!

आणि नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणारा जो असतो, त्याला चहासुद्धा पाजू नये. मूळ सर्टिफिकेटं कोणाच्या हातात द्यायची नाहीत. झेरॉक्स द्यायची, मूळ फक्त दाखवायचं.

पुतण्याची जखम भरली तेव्हा घरात दोन मतं झाली. भाऊ म्हणाला, परत शेती बघ. शेती म्हणजे राहिलेली बारा गुंठे. पुतण्याने आयटीआयला मशिनिस्टचा फॉर्म भरला. दोन वर्षांचा कोर्स, मग वर्षभर अप्रेंटिस, म्हणजे तीन वर्षं घरात धड पैसा नाही. वहिनीने त्या काळात माझ्याबरोबर भाजी विकली. तिचा आवाज माझ्यापेक्षा खणखणीत, गिऱ्हाईक वाढलं. अपुऱ्या बोटानं तो आता व्हीएमसी मशीन चालवतो, ड्रॉइंग वाचतो, नव्या पोरांना शिकवतो. ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो हेही सांगतो. ते सुपरवायझरला आवडत नाही म्हणतात.

परवा त्याला दुसऱ्या एका गाळ्यातून फोन आला. पाच हजार जास्त, पण ठेकेदाराच्या खात्यावर. जेवण बाजूला ठेवून त्याने विचारलं, "माझा यूएएन जुनाच आहे, पीएफ त्याच्यातच भराल ना?" समोरचा म्हणाला, बघून सांगतो. वहिनीने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. अजून फोन आलेला नाही.