नवी होडी आणि आपांच्या बांगड्या

आम्ही दोडामार्गला, भाचा मालवणला. पर्यटकांसाठी नवी स्पीडबोट घ्यायचे त्याच्या मनात आहे. पण 22 सप्टेंबर 2025 पासून मौजेच्या आणि खेळाच्या होड्यांवरचा जीएसटी 28 वरून 40 टक्के झाला. दहा लाखांच्या होडीवर चार लाख नुसता कर! मासेमारीच्या होडीला मात्र 5 टक्केच. त्यात इंजिन परदेशी. रुपया घसरला की तेही महागते. पावसाळ्यात जलक्रीडा बंद, कर्जाचा हप्ता बाराही महिने. वर व्याज, ते तर आपल्याला नकोच.

आपांनी बांगड्या पुढे केल्या. आम्ही त्या परत दिल्या आणि म्हणालो, "बेटा, चौघे भाऊ मिळून जुनी होडी घ्या. नफा-तोटा वाटून घ्या. नवी होडी कमाईतून येऊ दे, आईच्या हातातून नको."