फुलं धरली, फळ नाही

ड्रॅगन फ्रूट लावताना केलेली चूक सांगतो.

पाहुण्याकडच्या एकाच लाल गराच्या झाडापासून कटिंग वाढवत वाढवत मी सगळे खांब भरले. फुलं रात्री भरभरून उमलली आणि आठवड्यात पिवळी पडून गळाली. पाणी कमी केलं, फवारण्या केल्या, खर्च झाला. शेवटी कळलं, काही लाल वाणांना स्वतःचा पराग चालत नाही. आणि माझी सगळी बाग म्हणजे एकच झाड! मग पांढऱ्या गराचं वाण लावलं, रात्री ब्रशनं पराग लावला, तेव्हा फळ धरलं.

ड्रॅगन फ्रूट निवडुंगच. टेक्सास अन् मेक्सिकोत स्टार कॅक्टस नावाचा त्याचा भाऊबंद आहे, बिनकाट्याचा, जमिनीलगत चपटा. १९९३ पासून अमेरिकन सरकारच्या धोक्यातल्या झाडांच्या यादीत. लोक चोरून उपटून नेतात. त्यालाही परकाच पराग लागतो. उरलेली झाडं सख्खी निघाली तर बी धरणं अवघड, आणि नातं डोळ्यांना दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञ डीएनए मार्कर वापरतात. डीएनएत काही छोटे तुकडे पुन्हा पुन्हा येतात, किती वेळा ते झाडागणिक बदलतं. त्यावरून नातं कळतं, कुठलं बी कुठं लावायचं ते ठरवता येतं.

माझा एक हंगाम गेला. ते झाड संपलं तर कटिंग कुठून आणणार?

नवीन लावणाऱ्यांनी आधी वाण विचारा, मधेमधे दुसऱ्या वाणाचे खांब ठेवा.